गोयाची शेवटची चित्रं: दाखवायचीच नव्हती तर एवढी कोड्यात का काढली?

ठिपका
नमस्कार मंडळी. सध्या रात्री जेवणं आटोपली की माद्रिदच्या प्रादो म्युझियमची साइट उघडून बसतोय, गोयाची 'युद्धाचे अनर्थ' ही मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने बघायची असं ठरवलंय, कारण आजवर जी बघितली ती सगळी सुटी सुटी, कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेली नाहीतर कुठल्या पुस्तकात एखादं छापलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फ्रान्सिस्को गोया, स्पेनचा, जन्म १७४६, राजदरबाराचा पहिला चित्रकार, पंचेचाळिशी ओलांडल्यावर एका आजारपणात ठार बहिरा झाला, आणि १८०८ साली नेपोलियनचं सैन्य देशात घुसलं तेव्हापासून जे बघितलं-ऐकलं ते तांब्याच्या पत्र्यांवर उतरवत गेला.

तर माझा घोळ असा आहे की पहिली साठ-पासष्ट चित्रं कळायला काही अडचण येत नाही. भयानक आहेत, झोप उडते, पण कळतात. झाडाला अडकवलेली धडं, फाशी गेलेल्या माणसाकडे ठोकळ्यावर कोपर टेकून निवांत बघत बसलेला सैनिक, मग माद्रिदचा दुष्काळ, रस्त्यावर भुकेने मेलेली माणसं गाडीत टाकून नेतायत. आणि पासष्टीनंतर अचानक वेगळंच काहीतरी सुरू होतं, लांडगा कागदावर लिहितोय, मांजर देव्हाऱ्यात बसलंय आणि साधू त्याच्यापुढे वाकलाय, कानाच्या जागी वटवाघळाचे पंख असलेला एक टकल्या मोठ्या पुस्तकात काहीतरी नोंदवतोय. एक माणूस तुटायला आलेल्या दोरीवरून चाललाय. शेवटी एक तरुण बाई मरून पडलीय, अंगातून उजेड फाकतोय, आणि खाली लिहिलंय 'सत्य मेलं'.

हे राजकारणावर आहे एवढं समजतं पण नेमकं कोणावर ते समजत नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न हा की ही मालिका त्याने जिवंतपणी प्रकाशितच केली नाही, म्हणजे कोणी बघणारच नव्हतं, मग नाव घेऊन सरळ काढायचं ना, लांडगे-वटवाघळं कशाला? घरातल्या कपाटात ठेवायच्या वहीत माणूस सांकेतिक भाषेत कशाला लिहील? जाणकारांनी उजेड पाडावा.

इतिहासखोर
चांगला धागा. आधी 'कोणावर' ते सांगतो कारण त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल.

१८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजाला आणि राजपुत्राला फ्रान्समध्ये बोलावून दोघांकडूनही गादी सोडवून घेतली आणि स्वतःच्या भावाला, जोसेफला, माद्रिदला बसवलं. लोक सहा वर्षं लढले, गनिमी काव्याने लढले, आणि लढता लढता काडिझ शहरात प्रतिनिधींनी जमून १८१२ चं संविधान लिहिलं. राजाचे अधिकार मर्यादित, छापण्याचं स्वातंत्र्य, आणि पुढच्या वर्षी याच सभेने इन्क्विझिशन म्हणजे ते धर्मन्यायालयही बंद करून टाकलं. आणि हे सगळं कोणाच्या नावाने, तर फ्रान्समध्ये नजरकैदेत असलेल्या फर्नांदो सातव्याच्या नावाने! लोक त्याला 'हवाहवासा' म्हणायचे. १८१४ च्या वसंतात हा हवाहवासा परत आला आणि ४ मे ला फर्मान काढून संविधान रद्द. ज्यांनी त्याच्यासाठी गादी राखली त्यातलेच कित्येक तुरुंगात नाहीतर परदेशात. जुलैत इन्क्विझिशन परत चालू. म्हणजे सहा वर्षं रक्त सांडून हाताला काय लागलं, तर आधीपेक्षा वाईट.

ती पासष्टीनंतरची चित्रं बहुतेक याच काळातली, १८१४ नंतरची. (इकडे आपल्याकडे तेव्हा पेशवाईची शेवटची वर्षं चालू होती, काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो.) आता तुमचा वटवाघळ-कान्या बघा, चित्र क्रमांक ७१, नाव 'लोकहिताच्या विरोधात'. त्याचा झगा बघा, धर्मखात्यातल्या माणसाचा आहे. बोटांना नखं नाहीत, पंजे आहेत. एक हात लिहितोय आणि दुसऱ्या हाताचं बोट वर, मास्तर गप्प बसायला सांगतात तसं. हा कायदा करणारा नाही, कायदा उलटा फिरवणारा माणूस आहे. ७२ मध्ये आडव्या पडलेल्या माणसाच्या छातीवर बसून मोठं वटवाघूळ रक्त पितंय, नाव 'परिणाम'. दोन्ही ओळीने बघितली की अर्थ आपोआप लागतो.

७४ चा लांडगा कागदावर लिहितोय, 'दीन मानवा, दोष तुझाच आहे', आणि खाली कास्ती असं नाव. कास्ती हा इटालियन कवी, त्याने प्राण्यांच्या तोंडून राजदरबाराची टिंगल करणारं लांबलचक काव्य लिहिलं होतं, ओळ तिथली. लांडग्यासमोर एक भिक्षू गुडघ्यावर बसून दौत धरून आहे, आणि मागे फाटक्या माणसांची रांग. चित्राचं नाव 'हे सगळ्यात वाईट'. मारणारा लांडगा, शाई पुरवणारा धर्म, आणि आरोपपत्र मरणाऱ्यांच्या नावाने. यापेक्षा कडक राजकीय चित्र मी तरी बघितलेलं नाही.

७८ मध्ये पांढरा घोडा लाथा झाडत लांडग्यांशी एकटा लढतोय आणि मागे पट्टे घातलेली राखणीची कुत्री बसून मजा बघतायत. घोडा म्हणजे काय यावर मतभेद आहेत, कोणी म्हणतं स्पेनची जनता, कोणी म्हणतं संविधानातला राजा. कुत्र्यांबद्दल मात्र फारसा वाद नाही :)

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सोपं आहे. भीती. इन्क्विझिशनने १८१५ मध्ये त्याला 'नग्न माहा' या विवस्त्र बाईच्या चित्रावरून जाब विचारला होता, कोणासाठी काढलं, का काढलं. अशा माणसाच्या घरात बिशप-लांडग्यांचे पत्रे सापडले असते तर काय झालं असतं?

बोरूबहाद्दर
इतिहासखोर, माहिती उत्तम पण तुम्ही लोक गोयाला फारच हुतात्मा करून टाकता राव. जरा दुसरी बाजू.

हा माणूस शेवटपर्यंत सरकारी पगारावर होता. जोसेफ बोनापार्ट आला, त्याच्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेतली. त्याच्याकडून १८११ मध्ये पदक घेतलं, लोक त्या पदकाला चेष्टेने 'वांगं' म्हणायचे, रंगावरून. फर्नांदो परत आल्यावर चौकशी समितीपुढे जाऊन, मी ते पदक कधी छातीला लावलंच नाही वगैरे बाजू मांडून निर्दोष सुटला आणि पगार परत चालू. मग त्याच फर्नांदोची पोर्ट्रेट्स काढली.

आणि रूपकाचं म्हणाल तर त्याचं एक सरकारी रूपकही आहे ते कोणी सांगत नाही. १८१० मध्ये माद्रिद नगरपालिकेला जोसेफचं चित्र हवं होतं. गोयाने काय केलं, माद्रिद म्हणून एक पांढऱ्या कपड्यातली बाई काढली, शेजारी शहराचं चिन्ह, पायाशी कुत्रा, आणि देवदूतांनी धरलेल्या लंबगोलात जोसेफचा चेहरा. १८१२ मध्ये जोसेफ माद्रिद सोडून पळाला, लंबगोलात 'संविधान' हा शब्द. जोसेफ परत आला, परत चेहरा. परत गेला, परत 'संविधान'. मग फर्नांदो आला, त्याचा चेहरा. असं करत करत शेवटी १८७२ मध्ये तिथे 'दोन मे' (१८०८ मध्ये माद्रिदचे लोक फ्रेंचांविरुद्ध उठले ती तारीख) असं लिहिलं, ते आजही माद्रिदच्या इतिहास संग्रहालयात तसंच आहे. दरवेळी ब्रश गोयाचाच होता असं नाही, पण मुद्दा कळला ना? खाली निष्ठेचा कुत्रा कायम आणि वर मालक बदलतायत, विनोदी चित्र म्हणून वेगळं काढायची गरजच नाही.

तर रूपक ही त्याची धंद्याची भाषा होती. दिवसा सरकारसाठी वापरायचा आणि रात्री स्वतःसाठी. यात शौर्य कुठे आलं?

इतिहासखोर
बोरूभाऊ, शौर्य मी म्हटलंच नव्हतं, भीती म्हटलं होतं. तुम्ही माझ्याच बाजूने बोललात की.

तांबटआळी
मी प्रिंटमेकिंग शिकलेय आणि अजून थोडंफार करते, त्यामुळे मला हा प्रश्न जरा वेगळ्या बाजूने दिसतो. "कपाटात ठेवायची वही" हे ठिपका तुम्ही गृहीत धरलंय ना, तिथेच माझी हरकत आहे. कोणी स्वतःपुरतं काढायचं असेल तर कागदावर शाईने काढेल. तांब्याचा पत्रा घ्या, त्याला मेणाचा थर द्या, सुईने रेषा ओढा, ॲसिडमध्ये बुडवा, रेषा किती खोल हवी त्याप्रमाणे मधेच काढून परत वॉर्निश लावा, टोनसाठी राळेची पूड उडवून गरम करून चिकटवा, परत ॲसिड. मग शाई भरा, पुसा, कागद भिजवा, प्रेसमधून काढा. तेही एकदा नाही, ऐंशीच्या वर पत्रे! ही मेहनत माणूस एकाच कारणासाठी करतो, एकाच्या शंभर प्रती निघाव्यात म्हणून.

आणि युद्धात चांगलं सामान मिळत नव्हतं हे सुरुवातीच्या पत्र्यांवर दिसतंच. त्याने निसर्गदृश्यांचे स्वतःचेच दोन मोठे कोरलेले पत्रे मधोमध कापले आणि मागच्या बाजूला ही चित्रं काढली. म्हणजे एका बाजूला शांत डोंगर-धबधबा आणि दुसऱ्या बाजूला बायकांवर अत्याचार. हे मुद्दाम रूपक म्हणून नाही केलेलं, तांबं नव्हतं म्हणून.

छापायचा विचार होता याचा अजून एक पुरावा म्हणजे त्याने एक पूर्ण संच काढून आपल्या मित्राला, सेआन बेर्मुदेस या कलेच्या जाणकाराला दिला. पेन्सिलने प्रत्येकाखाली ओळ लिहिली, ती शुद्धलेखन तपासायला मित्राकडे गेली असं दिसतं. तो संच आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्यावर मालिकेचं नाव आहे, 'बोनापार्टबरोबरच्या स्पेनमधल्या रक्तरंजित युद्धाचे भीषण परिणाम, आणि इतर ठसठशीत काप्रिचो'. काप्रिचो म्हणजे मनाच्या लहरीने काढलेली काल्पनिक चित्रं. बघा, म्हणजे शेवटचा भाग वेगळा आहे हे तो स्वतःच नावात सांगतोय. 'युद्धाचे अनर्थ' हे नाव त्याचं नव्हेच, १८६३ मध्ये माद्रिदच्या सान फेर्नांदो कला अकादमीने पहिली आवृत्ती काढली तेव्हा दिलं.

आता दोरीवरचा माणूस, ७७. याच्यावर जरा थांबा. प्रादोच्या साइटवर छापील चित्र आणि त्याच्या आधीचं खडूचं कच्चं रेखाटन दोन्ही आहेत, दोन टॅबमध्ये शेजारी शेजारी उघडा. रेखाटनात दोरीवर चालणाऱ्याच्या डोक्यावर पोपचा तीन थरांचा मुकुट आहे. पत्र्यावर कोरताना मुकुट गायब. झगा आहे, हात पसरून तोल सांभाळणं आहे, खाली गर्दी आहे, दोरीला गाठी मारून जोडलेलं दिसतंय, फक्त मुकुट नाही. रेखाटनापासून पत्र्यापर्यंत येताना त्याने स्वतःच कात्री लावली. कपाटातल्या वहीला कोणी कात्री लावत नाही. लोक बघणार आहेत हे डोक्यात असल्याशिवाय असा बदल होत नाही.

ठिपका
तांबटआळी, दंडवत. आत्ताच दोन टॅबमध्ये उघडून बघितलं, मुकुट खरंच नाहीये. पण मग छापलं का नाही?

तांबटआळी
कारण आधी हात पोळले होते. 'काप्रिचो' म्हणून ८० चित्रांचा संच त्याने १७९९ मध्ये विकायला काढला होता, माद्रिदच्या पेपरात रीतसर जाहिरात देऊन, ३२० रेआल किंमत, विक्री कुठे तर अत्तरं आणि दारू विकणाऱ्या दुकानात. भुतं, चेटकिणी, गाढव झालेले डॉक्टर आणि गाढवांचीच वंशावळ बघणारं गाढव. फार थोडे संच विकले गेले आणि विक्री लवकरच थांबली. १८०३ मध्ये सगळे पत्रे आणि उरलेले संच राजाला भेट देऊन टाकले, बदल्यात मुलाला पेन्शन. ते तर बऱ्या दिवसांतलं. १८१४ नंतर कोण धाडस करणार? वाट बघत बसला असेल दिवस पालटायची, आणि १८२० मध्ये पालटले तेव्हा सत्तरी उलटून गेलेली.

मधलीवाट
उशिरा येतेय पण राहवत नाही. वरच्या सगळ्यांचं वाचलं. भीती, धंद्याची भाषा, छापायची इच्छा, तिन्ही गोष्टी खऱ्या असतील पण तिन्हींत एक गृहीत धरलंय की रूपक म्हणजे बुरखा, आत सरळ वाक्य आहे आणि वरून पांघरूण. मला तसं नाही वाटत, आणि त्याचं कारण गोयाच्याच दुसऱ्या वहीत आहे.

प्रादोमध्ये त्याचा 'अल्बम सी' म्हणून ओळखला जाणारा संग्रह आहे, शाईने काढलेली छोटी चित्रं, साधारण याच वर्षांतली. ही खरोखरची खाजगी वही, पत्रा नाही, प्रेस नाही. आणि इथे काही झाकलेलं नाही! इन्क्विझिशनने धरलेल्या माणसांची ओळच्या ओळ आहे, डोक्यावर निमुळती कागदी टोपी, अंगात तो अपमानाचा झगा, मान खाली. प्रत्येकाखाली फक्त गुन्हा लिहिलाय. 'दुसरीकडे जन्मला म्हणून.' 'ज्यूंच्या वंशातला म्हणून.' 'जीभ वेगळ्या तऱ्हेने हलवली म्हणून.' 'मनासारखं लग्न केलं म्हणून.' चित्र नुसतं पाठमोरं किंवा बाजूने, एकेकटा माणूस, पण सगळी मिळून एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना आपलाच श्वास अडकतो.

त्यातलं एक तर मी विसरूच शकत नाही. एका बाईच्या तोंडाला बोळा बांधलाय, खाली लिहिलंय की ती बोलत होती म्हणून बोळा घातला, आणि तोंडावर काठ्या मारल्या, मी तिला सारागोसात पाहिली, ओरोसिया मोरेनो, का तर तिला उंदीर बनवता येत होते. बस. कुठले उंदीर, कपड्याचे की जादूचे, काही सांगत नाही. बाईचं नाव, गावाचं नाव, आणि 'मी पाहिली'. यापेक्षा सरळ कसं बोलणार? म्हणजे त्याला सरळ बोलता येत होतं, तो घाबरूनही बोलत होता, घरातल्या घरात का होईना.

मग ती शेवटची चित्रं वेगळी का? तर माझं म्हणणं असं. युद्धाच्या भागात ४४ नंबरचं एक चित्र आहे, गाव सोडून पळणारी माणसं, मुलाला ओढत नेणारी आई, आणि नाव आहे 'मी हे पाहिलं'. पुढच्याचं नाव, 'आणि हेही'. युद्ध बघता येतं. प्रेत असतं, सैनिक असतो, खांब असतो. पण ४ मे ला एक फर्मान निघालं आणि संविधान नाहीसं झालं, ते कुठे बघणार? त्या दिवशी रस्त्यावर काय दिसलं असेल? लोक तर राजाच्या नावाने जयजयकार करत होते, घंटा वाजत होत्या. कायदा मारला जातो तेव्हा प्रेत पडत नाही. म्हणून त्याला प्रेत काढावं लागलं, ७९ मध्ये, ती उजेडाची बाई. बिशप आशीर्वादाचा हात वर करून उभा, पुरणारे खोरी घेऊन तयार, आणि उजवीकडे कोपऱ्यात न्यायदेवता तराजू सांभाळत तोंड झाकून रडतेय. तिला बघा, मोठं चित्र करून बघा. अख्ख्या गर्दीत दुःख झालेली ती एकटीच आहे. बाकीच्यांना पुरायची घाई.

अजून एक. आपल्याकडे पेपरातल्या व्यंगचित्रात राक्षसाच्या पोटावर 'महागाई' असं लिहिलेलं असतं, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही. गोया लेबल लावत नाही. म्हणून तो लांडगा १८१५ चा मंत्री म्हणून मेला नाही. हे सगळं बुरखा म्हणून केलं असतं तर बुरखा काढल्यावर आत एक नाव सापडलं असतं आणि विषय संपला असता. फर्नांदोचं नाव आज कोणाला ठाऊक आहे?

बोरूबहाद्दर
मधलीवाट ताई, लिहिलंय झकास पण 'प्रेत पडत नाही' हे जरा काव्य झालं. प्रेतं पडली ना, उदारमतवादी लोकांना पकडलं, नंतर फाशीही झाल्या. ते काढता आलं असतं.

मधलीवाट
काढलंच की त्याने! त्याच वहीत तुरुंगातली चित्रं आहेत, साखळ्या, खोडे, गळ्यात लोखंडी पट्टा. मालिकेच्या त्या मित्राकडच्या संचातही तीन कैद्यांची छोटी चित्रं जोडलेली आहेत, त्या संचात म्हणूनच ८५ होतात. माणसाला काय झालं ते सरळ, आणि देशाला काय झालं ते रूपकात. मला ही विभागणी स्पष्ट दिसते. तुम्हाला नसेल दिसत तर नसेल.

बोरूबहाद्दर
हे मान्य. पदकाचं मात्र मी सोडणार नाही :)

ठिपका
वा, यासाठीच धागा काढला होता. अजून एक शंका. ६६ मध्ये गाढवाच्या पाठीवर काचेच्या पेटीत मढं ठेवलंय आणि लोक गुडघे टेकून नमस्कार करतायत, 'अजब भक्ती' असं काहीतरी नाव आहे. हे बघून मला लगेच इसापनीतीतलं मूर्ती वाहणारं गाढव आठवलं, लोक देवाला नमस्कार करतात आणि गाढवाला वाटतं आपल्यालाच. तेच आहे का हे, की मी उगाच जोडतोय?

इतिहासखोर
उगाच नाही, अभ्यासकही ती गोष्ट सांगतात. पण गोयाने एक पाऊल पुढे टाकलंय. गोष्टीत गाढवाचा गैरसमज होतो आणि मार बसतो. इथे गाढवाला कसला गैरसमज नाही, बिचारं मुकाट उभं आहे, त्याच्या गळ्यात घंटा आहे. गैरसमज सगळा गुडघ्यावर बसलेल्यांचा. लागूनच ६७ बघा, 'हीसुद्धा काही कमी नाही', जुन्या जमान्याचे कपडे घातलेले म्हातारे सरदार मूर्ती पाठीवर घेऊन ओझ्याने वाकलेत. आधीच्या चित्रात जे काम गाढव करत होतं ते पुढच्या चित्रात सरदार करतायत. शेजारी शेजारी ठेवून मारलंय.

७० पण सोडू नका, 'यांना रस्ता माहीत नाही'. एकाच दोरीने बांधलेली माणसांची लांबच लांब रांग खड्ड्याकडे चाललीय, त्यात भिक्षू आहेत, प्रतिष्ठित लोक आहेत, सगळे. मला ते ७७ पेक्षा जास्त आवडतं. दोरीवरच्या पोपची गंमत एकदा कळली की संपते, या रांगेत मात्र कोण पुढे आणि कोण मागे तेच कळत नाही, बघत राहावं लागतं.

तांबटआळी
ठिपका, तुम्ही साइटवर ८० वर थांबलात का? कारण पुढे अजून दोन आहेत आणि त्यांच्याशिवाय हे अर्धवट राहतं.

झालं असं की पत्रे गोयाच्या मुलाकडे राहिले, तो १८५४ मध्ये गेला, १८६२ मध्ये अकादमीने ८० पत्रे घेतले आणि पुढच्या वर्षी छापले. म्हणजे गोया जाऊन पस्तीस वर्षं झालेली. त्या आवृत्तीचा शेवट ८० वर होतो, 'ती पुन्हा उठेल का?', तीच सत्याची बाई, अजून पडलेलीच आहे पण उजेड आहे, भोवती भेसूर चेहरे घाबरून बघतायत. प्रश्नचिन्हावर संपलं. पण ८१ आणि ८२ चे पत्रे वेगळे पडले होते, ते अकादमीकडे १८७० मध्ये आले. ८१ 'हिंस्र राक्षस', एक प्रचंड जनावर आडवं पडलंय आणि त्याच्या तोंडातून माणसं लोंबतायत. आणि ८२ 'हे खरं आहे', तीच उजेडाची बाई, उभी, एका दाढीवाल्या शेतकऱ्याच्या खांद्यावर हात, बाजूला मेंढी, फळांची टोपली.

म्हणजे त्याच्या मनातला शेवट प्रश्नाचा नव्हता, शेतकऱ्याचा होता. अकादमीच्या आवृत्तीवर वाढलेल्या लोकांना वर्षानुवर्षं निराश गोया माहीत होता तो थोडाफार पत्रे कुठे राहिले यामुळे.

अकादमीने अजून एक उद्योग केला. ६९ मध्ये अर्धवट कुजलेला मुडदा कबरीतून वर येऊन कागदावर 'काही नाही' असं लिहून दाखवतो. गोयाने खाली लिहिलं होतं त्याचा अर्थ 'काही नाही, असंच तो सांगतोय'. अकादमीने छापताना ते 'काही नाही, पुढे कळेलच' असं मवाळ करून टाकलं. म्हणजे मेल्यावर पलीकडे काही नाही हे १८६३ मध्येसुद्धा छापायला जड गेलं.

बोरूबहाद्दर
म्हणजे मुकुट गोयाने स्वतः गाळला आणि ही ओळ अकादमीने बदलली. सेन्सॉरला करायला काय शिल्लक ठेवलं या लोकांनी!

मधलीवाट
८२ बद्दल मात्र माझी तक्रार आहे. सुखाची रूपकं त्याला जमत नाहीत. अल्बम सी मध्येही शेवटाकडे १८२० च्या आसपासची आनंदाची चित्रं आहेत, राजाने संविधान परत मान्य केलं तेव्हाची. 'दिव्य स्वातंत्र्य', गुडघ्यावर बसून हात फैलावलेला माणूस आणि वरून किरण. 'अंधारातून उजेड', छोटं पुस्तक घेऊन गर्दीवर तरंगणारी बाई. 'न्यायाचा सूर्य', तराजू. ओरोसिया मोरेनोनंतर हे बघितलं की पाठ्यपुस्तकातली चित्रं वाटतात. तो किरण काढणारा हात आणि तोंडाला बांधलेला बोळा काढणारा हात एकाच माणसाचा यावर विश्वास बसत नाही. आणि ते स्वातंत्र्य टिकलंही किती, तीन वर्षं. १८२३ मध्ये फ्रेंच सैन्य परत आलं, यावेळी फर्नांदोला मदत करायला, आणि १८२४ मध्ये गोया फ्रान्समध्ये बोर्दोला निघून गेला, मुक्काम कायमचा तिथेच हलवला, १८२८ मध्ये तिथेच वारला.

तांबटआळी
किरणांबद्दल सहमत, पण ८२ ला त्यात धरू नका. त्या शेतकऱ्याचा चेहरा नीट बघा, तो खूश नाहीये. गोंधळलाय. ती बाई बोट दाखवून काहीतरी समजावतेय आणि त्याला अजून पटलेलं नाही. फावडं हातात तसंच आहे. मला तरी तो सुखाचा शेवट वाटत नाही, समजूत घालणं चाललंय असं वाटतं.

ठिपका
आत्ता ८१ आणि ८२ दोन्ही मोठी करून बघतोय. शेतकऱ्याचं तांबटआळी म्हणतायत ते पटतंय. ८१ मध्ये मात्र अडकलोय, ते जनावर माणसं गिळतंय की ओकतंय?

इतिहासखोर
दोन्ही वाचणारे आहेत. गिळतंय म्हणाल तर युद्ध, चालू आहे. ओकतंय म्हणाल तर युद्ध संपलं, पोट भरलं, आता बाहेर टाकतंय. मी ओकणारा समजतो, कारण ते आडवं झालंय, शिकार करणारं जनावर असं पडून राहत नाही.

बोरूबहाद्दर
आमच्याकडे म्हैस पडूनच खाते. गिळतंय.